सॅलडचा डबा, नववा आठवडा : ज्वारी एकदाची शिजली

गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या) दिवसांत सुरू केलेला, दुपारी ऑफिसात सॅलडचाच डबा खायचा हा उद्योग अजून चालू आहे. पहिल्या तीन आठवड्यांच्या नोंदी चाळल्या तर एकच रडगाणं दिसतं: साडेबाराला काकडी, टोमॅटो, कोबी असा डबाभर पाला खायचा आणि तीनला वडापावची गाडी शोधायची. ऑफिसातला एकजण तर रोज विचारायचा, "काय बे, शेरडाचं खाणं चाललंय का?"

वाट सापडली ती हुरड्याच्या शेतात. जानेवारीच्या शेवटी गेलो होतो. गोवरीच्या आरावर भाजलेली कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, सोबत शेंगाची चटणी. दोन मुठी खाल्ल्या आणि संध्याकाळपर्यंत भुकेची आठवण नाही. दाणा चावावा लागतो, तोंड काम करतं, आणि चटणीतलं तेल पोटाला धरून राहतं. माझ्या सॅलडात नेमकं हेच दोन्ही नव्हतं.

हुरडा दोन आठवड्यांत संपला. मग घरातली मालदांडी ज्वारी घेतली. पहिल्यांदा न भिजवता कुकरच्या तीन शिट्ट्या केल्या. दाणे छर्‍यांसारखे. दुसर्‍यांदा चार तास भिजवले. बाहेरून मऊ, आत पांढरा कच्चा ठिपका तसाच. आता जमलेलं गणित असं: रात्रभर भिजत, सकाळी सहा शिट्ट्या, मग वीस मिनिटं मंद आच, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. दाणा फुगतो पण फुटत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण माझ्या माहितीतलं कुणी ती भाकरीशिवाय कशात घालत नाही. आई तर म्हणाली, "पीठ करायचं सोडून घुगर्‍या कसल्या करतोस?" चव घेतल्यावर वाटी पुढे केली, ते वेगळं.

आता चटणी. ती कोरडी भुरभुरली तर दाण्याला चिकटत नाही, डब्याच्या तळाशी बसते. म्हणून दोन चमचे चटणीत अर्धं लिंबू पिळून घोटायला घेतली. ती एकदम घट्ट गोळा झाली. वाटलं, नासली. पण चमच्याचमच्याने कोमट पाणी घालत घोटत राहिलो, तसा तिसर्‍या चमच्याला गोळा सुटला आणि छान सायीसारखं झालं. कुटलेल्या शेंगदाण्याचं असंच असतं, थोड्या पाण्याने आवळतो, जास्त पाण्याने सैल होतो. चटणी मात्र खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटलेलीच हवी. मिक्सरची करून पाहिली, रवाळ राहते. यामुळे बाटलीतलं महागडं तेल घरातून गेलं. गाजरातला केशरी रंग अंगी लागायला थोडी चरबी लागते, ती शेंगदाण्यातच आहे. हात मात्र आवरा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असली तरी चरबी जवळपास 50 असते. माझे दोन चमचे ठरलेले.

पाल्यात मेथी जिंकली. आपल्याकडचा कच्च्या मेथीचा घोळाणा म्हणजे सॅलडच की! फक्त ते भाकरीसोबत तोंडी लावायचं म्हणून आपण त्याला जेवण मानलं नाही. धुतलेली मेथी सोलापुरी टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं ठेवतो. पानावर पाणी राहिलं की चटणी घसरते. (टॉवेल हिरवा झाल्याबद्दल जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.)

एक फजिती. गेल्या आठवड्यात मोडाची मटकी फडक्यात बांधून तशीच दुपारभर राहिली. या उन्हात ती बुळबुळीत झाली, वास आला, टाकून दिली. आता मोड दिसले की फडकं सोडून पाच मिनिटं वाफवतो आणि फ्रिजमध्ये ठेवतो. लिंबामुळे मटकीतलं लोह अंगाला जास्त लागतं, म्हणून लिंबू सोडत नाही.

सध्याचा डबा: वाटीभर शिजलेली ज्वारी, अर्धी वाटी मटकी, मूठभर मेथी, एक गाजर, थोडे डाळिंबाचे दाणे. कांदा आणि चटणीचं मिश्रण वेगळ्या डबीत. मीठ खायच्या वेळी, नाहीतर गाजर-मेथीला पाणी सुटून दोनपर्यंत सगळं लिबलिबीत होतं.

मंगळवारी साडेबाराला खाल्लं, भूक साडेपाचला लागली. बुधवारी सव्वापाच. गुरुवारचा हिशोब बिघडला, कारण शेरडाचं खाणं म्हणणार्‍यानेच अर्धा डबा संपवला आणि विचारलं, "चटणी घरची का बे?"

मेथी आता निबर यायला लागली आहे. पुढच्या आठवड्यात मंडईत वाळूक (काकडीच्या जातीचं फळ) मिळालं तर त्यावर प्रयोग. कुणी कोवळी करडईची पानं ज्वारीबरोबर कच्ची खाऊन पाहिली असतील तर प्रमाण कळवा, येत्या हिवाळ्यासाठी लिहून ठेवतो.