येणं नाही म्हणणारा, देणं आहे म्हणणारा

मार्चअखेरीला हिशेब आणि कराचं काम करणाऱ्या आमच्या ऑफिसातून येण्या-देण्याच्या बाकीची कन्फर्मेशन जातात. ‘३१ मार्च रोजी आपल्याकडून अमुक रक्कम येणे आहे, मान्य असल्यास सही करावी.’ सूतव्यापाऱ्याच्या खात्यावर वाद ठरलेला. व्यापारी पाच लाख म्हणतो, सूत नेणारा मागवाला, म्हणजे यंत्रमागाचा मालक, चार. मधला लाख भावफरकात, सुताच्या परत केलेल्या खराब कोनांत (रिळांत) आणि खात्याला न चढलेल्या बिलांत सापडतो.

२०२५ च्या मार्चमध्ये मालेगावातल्या एका खात्यावर उलटंच घडलं. व्यापारी म्हणत होता, माझं काही येणं नाही. मागवाला म्हणत होता, मी दोन लाख देणं लागतो. दोघांचाही रोजा, दोघंही माझ्यासमोर, आणि कुणी मागे हटेना.

सुरुवात झाली ती जकातीपासून, म्हणजे ऐपतदार मुसलमानाने दरवर्षी अडीच टक्के गरजूंना द्यायच्या दानापासून. हा व्यापारी, हाजीसाहेब, दर रमजानला जकातीची यादी आमच्याकडूनच करून घेतात आणि हे काम मी ज्युनिअरवर सोडत नाही, कारण ताळेबंद उचलून अडीच टक्के काढले की आकडा हमखास चुकतो. ताळेबंदात माल खरेदीच्या भावाने किंवा बाजारभावाने, जो कमी असेल त्याने धरतात. जकातीला तोच माल आजच्या विक्रीच्या भावाने धरायचा. माग, गाळा, टेम्पो यांवर जकात नाही. सूत, कापड, रोकड, बँकेतली शिल्लक, भिशीत भरलेले पैसे आणि येईल अशी खात्री असलेली उधारी यांवर आहे. त्यातून देणी वजा. बायकोचं सोनं बायकोचं, त्याचा हिशेब वेगळा. बरेच जण दोन्ही एकत्र करतात. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, चांदीचा धरला तर ६१२.३६ ग्रॅम, म्हणजे त्या वेळच्या भावाने साठेक हजार रुपये. आणि वर्ष चंद्राचं, ३५४ दिवसांचं. कुणी ३१ मार्च ते ३१ मार्च असंच धरणार असेल, तर दर २.५ ऐवजी सुमारे २.५८ टक्के घ्यावा लागतो. हे जवळपास कुणी करत नाही.

हाजीसाहेबांची यादी अशी निघाली: रोकड आणि बँक १८,४०,०००, माल ९६,००,०००, खात्रीची उधारी ६१,००,०००, वजा देणी ५७,४०,०००. राहिले १,१८,००,०००, त्यावर जकात २,९५,०००. त्यांपैकी ८०,००० नात्यातल्या गरजूंना आधीच पोचले होते. उरले २,१५,०००.

यादीबाहेर एक खातं होतं. तेच या मागवाल्याचं: सहा मागांचा मालक, ऑक्टोबर २०२३ मध्ये नेलेलं तीन लाखांचं सूत आणि वर पाच टक्के जीएसटी, मिळून ३,१५,०००. मंदीत त्याने दोन माग भंगारात काढले होते, दोन बंद होते. रमजानचा दुसरा अशरा (दहा दिवस) संपत आलेला, मगफिरतचा, म्हणजे क्षमेचा. हाजीसाहेब रात्री तरावीहची नमाज आटोपून आले आणि म्हणाले, याची उधारी माफ करतो, तीच जकातीत धरा.

ही मागणी रमजानमध्ये हमखास येते आणि एरवी तिच्यामागचा हेतू मला आवडत नाही. बुडालेली बाकी जकातीत वळवायची आणि तीच बुडीत खाती टाकून ३१.२ टक्के दराने ९३,६०० रुपये करही वाचवायचा, असे दोन्हीकडून घेणारे मी पाहिलेत. हाजीसाहेब त्यांतले नव्हते. बुडीत खातं नको, माझ्या उचलीला (घरखर्चाच्या खात्याला) टाका, असं त्यांनी आधीच सांगितलं. तरी मी त्यांना धर्मशास्त्राचा निर्णय देणाऱ्या मुफ्तीसाहेबांकडे पाठवलं. उत्तर आलं ते अपेक्षेप्रमाणेच. इस्लामी धर्मशास्त्राच्या हनफी परंपरेच्या मताने जकात गरजूच्या मालकीची करून द्यावी लागते. वहीतली बाकी खोडली तर त्याच्या हातात काही पडत नाही, म्हणून ती जकात होत नाही. कर्जदार जकातीला पात्र आहेच, तेव्हा रक्कम त्याला द्या. मग त्याने आपण होऊन कर्ज फेडलं तर हरकत नाही. मात्र ‘देतो, पण परत कर’ अशी अट घातलीत तर जकात अदा होणार नाही. इतकं नेमकं उत्तर मला सरकारी परिपत्रकांतून क्वचित मिळतं.

कायद्याच्या बाजूनेही कोरी माफी गरिबाला महागच पडते, आणि हे माफ करणाऱ्यांच्या गावीही नसतं. खरेदी खर्चात धरलेली असेल तर माफ झालेली व्यापारी देणी तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४१(१) खाली कर्जदाराचं उत्पन्न ठरत. जीएसटीत १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीवरच्या कराचं घेतलेलं क्रेडिट (वजावट) व्याजासह परत भरावं लागतं. त्याने १५,००० आधीच भरले होते आणि माफीनंतर ते कायमचे गेले असते. व्यापाऱ्यालाही भरलेला जीएसटी परत मिळत नाही, कारण पैसे आले नाहीत एवढ्यावर क्रेडिट नोट, म्हणजे बिल कमी करणारा कागद, निघत नाही. विकणाऱ्याने कर भरलाय, घेणाऱ्याने क्रेडिट परत केलंय, आणि सरकार दोन्हीकडचे ठेवून घेतं. ही तरतूद अन्यायाची आहे, असंच माझं मत आहे.

मग २,१५,००० द्यायचे कसे? रोखीने नाही. तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २६९एसटीप्रमाणे दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होत होता. देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. त्याच्या चालू खात्यातही नाही, कारण त्या बँकेची कॅश क्रेडिट (धंद्यासाठीची उचल) थकलेली. रक्कम पडताच बँकेने वळती केली असती. म्हणून दुसऱ्या बँकेतलं त्याचं बचत खातं शोधलं आणि एनईएफटी केली. नात्याबाहेरच्या माणसाकडून वर्षात पन्नास हजारांहून जास्त आले की पूर्ण रक्कम उत्पन्नात धरतात. त्याचं बाकी उत्पन्न अडीच लाखांच्या आत होतं, एकूण सात लाखांच्या खालीच, त्यामुळे नव्या पद्धतीत कर शून्य. पण रिटर्नमध्ये दाखवावं लागेल, हे त्याला दोनदा समजावलं.

पैसे देताना हाजीसाहेब उधारीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. दोन दिवसांनी मागवाल्याने १,१५,००० परत पाठवले. बाकीच्या लाखात त्याने वीजबिलाची थकबाकी, सायझिंगचे (सुताला खळ लावण्याचे) पैसे आणि दोन बंद मागांची दुरुस्ती बसवली. आलेल्या पैशांच्या प्रमाणात जीएसटीचं क्रेडिट पुन्हा घेता येतं, तेही त्याला लिहून दिलं.

शनिवारी, २९ मार्चला, दोघं आले. ईद सोमवारी होती आणि ईदेआधी मजुरांचे हिशेब चुकते करायची सगळीकडे घाई. कन्फर्मेशनवर दोन लाखांची बाकी. हाजीसाहेब म्हणाले, “मैंने माफ कर दिया, शून्य लिखो.” मागवाल्याने कागद ओढून घेतला, दोन लाखांवर सही केली, तारीख घातली आणि म्हणाला, “हाजीसाब, मोहलत दो, माफी मत दो.”

त्याची ती सही कायद्याने त्याच्याच विरुद्ध जाते. मुदतीच्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे लेखी कबुली दिली की वसुलीची तीन वर्षं त्या दिवसापासून नव्याने सुरू होतात. ऑक्टोबर २०२६ मध्ये मुदत संपणार होती. हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि पेनाचं टोपण लावलं.

मुफ्तीसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, माफी लागू व्हायला कर्जदाराच्या होकाराची गरज नसते, पण त्याने तिथल्या तिथे नाकारली तर ती रद्द होते. आणि कुराणात एकाच आयतीत (वचनात) दोन्ही आहे, दुसऱ्या सूरेच्या (अध्यायाच्या) २८० व्या: कर्जदार अडचणीत असेल तर हात सुटा होईपर्यंत मुदत द्या, आणि सोडून दिलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं. हाजीसाहेबांना अधिक चांगलं हवं होतं. मागवाल्याने त्यांना पहिल्यावरच थांबवलं.

हाजीसाहेबांनी शेवटी आमच्या कागदावर सही केली नाहीच. त्याऐवजी एक वेगळं पत्र लिहून दिलं: माझ्यामागे मुलांनी या खात्याची वसुली करू नये. म्हणजे फाइलीत आता दोन कागद आहेत. एकाने देणं कबूल केलंय, दुसऱ्याने मागणं सोडलंय, आणि दोन्ही खरे आहेत. माझ्या ज्युनिअरचं म्हणणं, रक्कम संशयित येण्यांत दाखवावी. मला ते पटत नाही. जो माणूस स्वतः कबुलीची तारीख वाढवतो त्याच्याबद्दल संशय कसला? मी ती साध्या येण्यांतच ठेवली.

पुढच्या रमजानच्या यादीत हे दोन लाख धरायचे का, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. धरले तर पाच हजारांची जकात वाढते. हाजीसाहेब म्हणतात, येणंच नाही तर जकात कसली. पण जूनपर्यंत मागवाल्याचे दहा-दहा हजारांचे तीन हप्ते जमा झालेत, आणि प्रत्येक पावती फाडायच्या आधी हाजीसाहेब मला फोन करून विचारतात, घेऊ का नको.