स्कॅनरला न दिसलेली तक्रार

गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक. मालकीण नायगावच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या ताई. तक्रार त्यांनी कागदावर लिहूनच आणली होती. साठच्या पुढे स्टिअरिंग पोकळ लागतं. वळवून सोडलं तर आपणहून पूर्ण सरळ होत नाही. सरळ रस्त्यावरसुद्धा हात सारखा हलता ठेवावा लागतो. त्यांची बहीण उलव्याला राहते, म्हणून अटल सेतूवरून येणं-जाणं. समुद्रावरचे साडेसोळा किलोमीटर, बाजूने येणारा वारा आणि हातात असं स्टिअरिंग. त्यांनी बहिणीकडे जाणंच कमी केलं होतं.

आमच्या गॅरेजमध्ये येण्याआधी त्या दोन ठिकाणी जाऊन आल्या होत्या. दोन्हीकडे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला नाही, म्हणून गाडी ओके. एकाने वर ऐकवलं, ‘इलेक्ट्रिक स्टिअरिंग असंच असतं मॅडम, तुम्हाला सवय नाही.’ ताई तीच गाडी अकरा वर्षं चालवत होत्या. याचा मला अजून राग येतो. कोड नाही याचा अर्थ एवढाच, की कॉम्प्युटरला त्याच्या हिशेबात चूक सापडलेली नाही. त्याचा हिशेब दुसऱ्याच गाडीचा असला, तर तो काय सांगणार?

छोट्या गाड्यांमध्ये पॉवर स्टिअरिंगची मोटर बहुधा डॅशबोर्डखाली, कॉलमवरच म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावर असते. कॉलमच्या आत एक बारीक टॉर्शन बार असतो. आपण स्टिअरिंग फिरवलं की तो किंचित पिळतो. तो पीळ टॉर्क सेन्सर मोजतो, आणि त्यावरून गाडीच्या वेगाप्रमाणे मोटरला किती करंट द्यायचा ते कंट्रोल युनिट ठरवतं. उभ्या गाडीत मदत भरपूर, वेग वाढेल तशी कमी. हे कोष्टक कंपनी आतच लिहून ठेवते, गॅरेजवाल्याला ते दिसतही नाही. १९८८ साली सुझुकीने सर्व्हो या छोट्या गाडीत अशी इलेक्ट्रिक सिस्टीम दिली होती. हायड्रॉलिकचा पंप इंजिनवर सतत फिरतो, ही मोटर गरजेपुरताच करंट खाते, म्हणून स्वस्त गाड्यांना ती सोयीची. तोटा मात्र माझ्यासारख्याच्या वाट्याला येतो. खालच्या भागात काही अडकत असलं तर मोटर ते झाकून टाकते.

हवा बरोबर, टायर मूळ मापाचे, टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर दिशा, किरकोळ बाहेर, तो लावून घेतला. कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल, दोन्ही बाजूंना सारखा. या गाड्यांत तो फिरवून बदलता येतच नाही. मग गाडी चाकांवर उभी ठेवूनच पोराला स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगितलं आणि मी पुढच्या स्ट्रटच्या, म्हणजे चाकावरच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या खांबाच्या, स्प्रिंगवर तळहात ठेवला. ही तपासणी कुठलंच मशीन करत नाही. वरचं बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग स्ट्रटबरोबर गुळगुळीत फिरते. इथे डाव्या बाजूला ती आधी पीळ धरत होती आणि मग झटक्याने सुटत होती. उघडल्यावर बेअरिंगमध्ये लाल गंज. ‘गाडी कधी पाण्यात उभी होती का?’ मी विचारलं. ‘हिंदमाताला,’ ताई म्हणाल्या. पावसात पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध असलेला चौक. ‘पाणी आत मॅटवर आलं होतं. नंतर स्टिअरिंगच बंद पडलं, ते एका गॅरेजमध्ये बदलून घेतलं.’

दोन्ही बाजूंची बेअरिंगं बदलून ट्रायलला निघालो. ईस्टर्न फ्रीवेवर गेलो, तिथे टोल नाही. स्टिअरिंग आता सरळ यायला लागलं होतं, पण ऐंशीला ते पोकळपण कायम. ताईंच्या कागदातली पहिली ओळ अजून खरी होती.

आमच्या एका गिऱ्हाइकाची तशीच पेट्रोल गाडी सर्व्हिसिंगला आली होती. दोन्ही गाड्या त्याच फरशीवर, हवा सारखी, इंजिन चालू. स्टिअरिंगच्या कडेला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढला. दुसऱ्या गाडीत अडीच किलोच्या आसपास, ताईंच्या गाडीत जेमतेम दीड. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये सेन्सरवर तेवढाच पीळ दिसताना ताईंच्या गाडीतली मोटर स्पष्ट जास्त करंट घेत होती. मग डॅशबोर्डखाली उताणा झोपून, बॅटरीच्या उजेडात कंट्रोल युनिटवरचा स्टिकर वाचला. पार्ट नंबर डिझेल मॉडेलचा होता.

तीच गाडी तेव्हा डिझेलमध्येही यायची. डिझेल इंजिन वजनाला जास्त, पुढच्या चाकांवर भार जास्त, म्हणून तिच्या कोष्टकात मदतही जास्त. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ आल्यावर बऱ्याच कंपन्यांनी छोटी डिझेल इंजिनं बंद केली, आणि तसल्या जुन्या गाड्यांचे सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारात मिळतात. कुणीतरी तिथून कॉलम आणला, प्लग बसला, डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा विझला, गाडी दिली. बिलावर ‘स्टिअरिंग असेंब्ली’ एवढंच. युनिट निरोगी आहे, म्हणून कोड कधीच येणार नाही. जुना माल घालण्याला माझा विरोध नाही, नवा कॉलम कित्येकांना परवडत नाही. पण स्टिकर वाचायला दोन मिनिटं लागतात, आणि हा भाग म्युझिक सिस्टीम नाही.

पेट्रोलचं युनिट मिळवून बसवलं. त्यानंतर टॉर्क सेन्सरचा शून्य शिकवावा लागतो. चाकं सरळ, इग्निशन चालू, स्टिअरिंगला बोटसुद्धा लागता कामा नये. त्या क्षणी कुणी हात टेकला असेल तर युनिट तो पीळच शून्य समजतं आणि गाडी एका बाजूला ओढत राहते. मग लोक अलाइनमेंटवर अलाइनमेंट करत बसतात. आमच्या पोरांना मी त्या वेळी गाडीबाहेर उभं करतो.

ट्रायलला ताई स्वतः बसल्या. फ्रीवेवर चढून थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, ‘आता कळतंय चाकं कुठे आहेत ते.’ मला फार बरं वाटलं.

आठवड्याने त्यांचा फोन आला. सेतूवर गाडी उत्तम. पण बिल्डिंगच्या अरुंद आवारात गाडी लावताना उजवा खांदा दुखतो. त्यांचा खांदा आखडलेला आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. चुकीच्या युनिटने पार्किंगमध्ये त्यांना आरामच दिला होता, आणि तो मी काढून घेतला. त्यांना हवं ते अगदी साधं आहे, उभ्या गाडीत डिझेलची मदत आणि ऐंशीला पेट्रोलची. कोष्टकात दोन आकडे बदलले की होईल. ओळखीतला एक जण युनिटचं सॉफ्टवेअर वाचून लिहून देतो म्हणतो. दुसरा वेगाच्या सिग्नलमध्ये छोटं सर्किट घालायला तयार आहे. मी दोघांनाही नाही म्हटलं. त्या सर्किटने चुकीचा वेग दाखवला तर भर वेगात स्टिअरिंग पार्किंगसारखं हलकं होईल, आणि तेव्हा ताई सेतूवर असतील. नाही म्हटलं ते बरोबरच, तरी त्यांचा खांदा काही डोक्यातून जात नाही. कंपनीने अशी गरज असलेल्यांसाठी सर्व्हिस सेंटरमध्ये तरी दोन-तीन पर्याय द्यायला हवेत. काही परदेशी छोट्या गाड्यांत पार्किंगसाठी स्टिअरिंग हलकं करणारं बटण मिळतं, म्हणजे अशक्य असं यात काही नाही.

सध्या त्यांना एवढंच सांगितलं आहे, की गाडी किंचित हलती ठेवूनच स्टिअरिंग फिरवा. जागेवर फिरवण्यापेक्षा बराच कमी जोर लागतो. शिवाय कॉलमखालचा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे दांडा कोनात वळवणारा सांधा, मला एका कोनात जरा घट्ट वाटतो. तोही त्याच पाण्यातून गेलेला आहे. नवा जॉइंट ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारात सांगून ठेवलाय. आला की मोटरचा फ्यूज काढून, पुढची चाकं उचलून, आधी आणि नंतर काटा लावून बघणार आहे. अर्धा किलो जरी कमी झाला, तरी त्यातला थोडा भार रोज दोनदा त्यांच्या खांद्यावरून उतरेल.