पोळा म्हटलं की थांबायचं

आमचे हे दिवसाला आठ खर्रे खायचे. आठ हा त्यांनी सांगितलेला आकडा, मी मोजलेला अकरा. विदर्भाबाहेर कोणी हे वाचत असेल तर सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून घोटघोट घोटायचा, तो खर्रा. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण आमच्या राळेगाव तालुक्यात पानठेल्यावरचं ते घोटणं काही थांबलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात दातांच्या शिबिरात डॉक्टरीणबाईंनी यांना स्वतःचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. सुपारीने गालाची आतली बाजू ताठ होत जाते आणि एकदा ताठली की पहिल्यासारखी होत नाही, असं त्या म्हणाल्या. येताना गाडीवर हे एक शब्द बोलले नाहीत. फाट्यावर मात्र गाडी ठेल्यापाशी थांबलीच.

दिवाळीत माझा भाऊ पुण्याहून आला तो मनगटाचा पट्टा घेऊन. घड्याळासारखा बांधायचा, आतून धातूचे दोन ठिपके कातडीला टेकतात, आणि फोनवरचं बटण दाबलं की झटका. झटक्याने सवय मोडायची ही कल्पना मनीष सेठी नावाच्या अमेरिकेतल्या माणसाने ‘पावलॉक’ नावाने बाजारात आणली. त्याच्याआधी, २०१२ मध्ये, त्याने एक बाई तासाला आठ डॉलरवर शेजारी बसवली होती; याने फेसबुक उघडलं की तिने याच्या थोबाडीत मारायची. हे वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, “इथं फुकटात होते ना बाप्पा.”

यांना झटक्याचं नवल नव्हतं. रानडुकरं आणि रोही येऊ नयेत म्हणून शेताला जी झटका मशीन बसवतात, ती बसवून देण्याचं काम हे चार गावांत करतात. तारेत हजारो व्होल्ट असतात, पण ठोका सेकंदाला एखादाच आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारा, म्हणून जनावर दचकतं, मरत नाही. मरतात ती माणसं लायनीवरून आकडा टाकून थेट तारेत करंट सोडल्यावर. पट्टाही ठोक्याचाच. तरी मी आधी स्वतःच्या मनगटावर पाच वेळा लावून पाहिला. शेवटच्या वेळी हातातली ताटली पडली.

जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर यांनीच अटी लिहिल्या. फक्त खर्र्यासाठी. गाडीवर, विहिरीवर, खांबावर असताना नाही. चारचौघांत नाही. पट्टा कधीही काढता येईल, त्यावर भांडण नाही. आणि थांबवायचा एक शब्द पाहिजे होता. ‘बस’ चालेना, कारण हे गमतीतही बस बस करतात. मग म्हणाले, “पोळा ठेव. त्या दिवशी बैलालेही तुतारी लावत नाही.” तुतारी म्हणजे बैलाला टोचायची काठी.

पहिले चार दिवस मला मजा आली, खोटं कशाला बोलू. पन्नीचा चुरचुर आवाज आला की माझा अंगठा फोनवर. पण आवाज गोठ्याच्या पलीकडून आला की पट्टा फोनला जोडलेलाच राहायचा नाही. आणि दिवसातले सहा खर्रे तर घराबाहेरच व्हायचे. हे लाल तोंड घेऊन घरी आले की मी दाबायची. एकदा पायावर पाणी घेता घेता म्हणाले, “अवं, आता काहून? खाऊन अर्धा तास झाला. आता तं मी घरी येऊन रायलो.”

तिथेच माझी चूक होती. शिक्षा त्या कामाच्या जागीच, त्याच क्षणी पडली तरच त्या कामाशी जोडली जाते. अर्ध्या तासाने पडली तर जे चाललं आहे त्याच्याशी जोडली जाते, आणि यांचं काय चाललं होतं, तर घरी येणं. त्या आठवड्यात हे रोज उशिरा यायला लागले. मी आपली समजत होते, तुरीच्या फवारणीचं काम वाढलंय.

मग खाल्ल्यावर दाबणं बंद केलं. हात खिशाकडे गेला की दाबायचं, तेही घरातच. बाहेर यांचं यांनी. ठेल्यावर हे पट्टा काढून खिशात घालतात हे मला ठाऊक होतं. मी विचारलं नाही.

गावात कळल्यावर दोन बायकांनी विचारलं, पट्टा कुठे मिळतो. एकाने यांना विचारलं, कुत्र्याचा स्वस्तातला मिळते, तो गळ्यात घातला तं चालन का? नाही चालणार. गळ्याला आणि छातीला असलं काही लावायचंच नाही, आणि हृदयाला मशीन बसवलेल्या, फिट येणाऱ्या किंवा पोटुशी असलेल्या माणसाने मनगटालाही नाही. तिसऱ्या बाईने वेगळंच विचारलं: बटण त्याच्या हातात असतं आणि पट्टा तुझ्या, तर तू हो म्हटली असतीस? मी हसून टाळलं. नसती म्हटली. आमच्याकडे सुनेच्या ‘हो’मध्ये तिचं स्वतःचं किती असतं हे मला माहीत आहे.

मग ती रात्र. यांनी मला न विचारता सोयाबीन विकून टाकलं होतं, भाव पडलेला असताना. जेवताना मी बोलले, यांनी माझ्या माहेरचं काढलं. फोन ताटाशेजारीच होता. मी दाबलं, वरच्या आकड्यावर.

हातातला भाकरीचा तुकडा वरणात पडला. हे पोळा म्हणाले नाहीत. पट्टा सोडला, ताटाजवळ ठेवला आणि म्हणाले, “हे खर्र्याचं होतं का?”

मी नाही म्हटलं. दुसरं काही म्हणता आलं नाही. भांडणात मी याआधी यांना काय काय बोलले आहे, त्यातलं कुठलंच यांनी एवढं मनाला लावून घेतलं नव्हतं. आठ दिवस पट्टा फडताळात पडून होता. मी फोनमधून ते ॲप काढून टाकलं, यांच्यासमोर.

नंतर यांनी तो स्वतःच बांधला, स्वतःच्या फोनला जोडून. आता माझ्याकडे बटण नाही. हात खिशाकडे गेला की मी नुसतं “अजी” म्हणते, दाबायचं की नाही ते यांचं हे ठरवतात. सरकारी दवाखान्यातून निकोटीनचा च्युइंगमही आणला, आणि खरं सांगायचं तर फरक त्यानेच जास्त पडला असं मला वाटतं. यांना विचाराल तर पट्ट्याला श्रेय देतील. झटक्याचा धंदा आहे ना शेवटी.

सध्या दिवसाला दोन. म्हणजे यांच्या हिशेबाने दोन. डॉक्टरीणबाईंनी तोंडाचा व्यायाम दिलाय: आइसक्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू वाढवत न्यायच्या. तेरापासून सुरुवात केली होती. आज सकाळी पंधरावी घातली, डोळ्यांत पाणी आलं, आणि काड्या तोंडात असतानाच हे काहीतरी म्हणाले. पोळा म्हणाले असावेत. मी सोळावी खाली ठेवली.