एक टीबीचे ९३१ का दिसतात

'भाऊ, डिस्क एक टीबीची घेतली अन् इथं ९३१ जीबीच दाखवून राह्यलं. बाकीचं कुठं गेलं?' नागपुरात सीताबर्डीतल्या आमच्या दुकानात हा प्रश्न नेहमीचा. लग्नसराईत व्हिडिओ शूटिंगवाले चार टीबीच्या डिस्का नेतात, त्यांना ३.६३ दिसतात. उरलेली जागा विंडोजनं खाल्ली असं सांगून मोकळे होणारे दुकानदार आहेत. मला ते पटत नाही. पैसे मोजणाऱ्याला हिशेब कळलाच पाहिजे.

डिस्क बनवणारे दशमान धरतात. त्यांचा जीबी १०० कोटी बाइटचा, टीबी एक लाख कोटींचा. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून त्याचा जीबी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटचा. लाख कोटीला त्यानं भागा, ९३१ येतात. बाइट एकही कमी झालेला नाही.

१०२४ आला मेमरीतून. रॅमच्या पत्त्यात एक बिट, म्हणजे ० किंवा १ असा एक अंक, वाढला की जागा दुप्पट. दहा बिटांत १०२४ पत्ते. हजाराच्या जवळचा आकडा, म्हणून त्यालाच किलो म्हणायची सवय पडली. केबीत फरक अडीच टक्क्यांहूनही कमी, कोणाला टोचला नाही. जीबीत तो सात टक्क्यांवर जातो, टीबीत जवळपास दहावर.

जुनी '१.४४ एमबी' फ्लॉपी तर दोन्हींत बसत नाही. तिच्यात १४,७४,५६० बाइट, म्हणजे १४४० गुणिले १०२४. एकदा हजार, एकदा १०२४, असा तो एमबी!

उपाय १९९८ सालीच निघाला. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १०२४ वाल्या मापांना किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं दिली. लिनक्समध्ये ती बऱ्याच ठिकाणी दिसतात. ॲपलनं २००९ मध्ये मॅकवर दशमान मोजणी आणली. तिथं एक टीबीची डिस्क एक टीबीच दिसते. विंडोज मात्र गिबीबाइट मोजून पुढे जीबी लिहितं. हे बदलायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

इंटरनेटच्या प्लॅनचं आणखी वेगळं. १०० एमबीपीएसमधला बी हा बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठानं भागायचं, सेकंदाला साडेबारा एमबी.

कोटेशनमध्ये डिस्कसमोर मी आता दोन्ही आकडे लिहितो: '१ टीबी, विंडोजवर ९३१ जीबी'. रॅमसमोर एकच पुरतो. ८ जीबी रॅम बनवणारा आणि मोजणारा, दोघंही १०२४ च धरतात.