मधला ताव सुटला! न्यू अ‍ॅव्हेंजर्स/ट्रान्सफॉर्मर्स, अंक 1

मंडळी, ओलीने पानं एकमेकांना चिकटलेल्या 2007 च्या या कॉमिकचा मधला ताव, म्हणजे मधे दुमडलेला मोठा कागद, सुटला. अख्खा, वरच्या कडेपासून खालच्या कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यात नखाएवढी रंगाची साल निघाली, पण ती जाहिरातीच्या पानावरची. कथेच्या एकाही चौकटीला धक्का नाही. आता लाल-निळा स्पायडर-मॅन समोर उघडा आहे आणि त्याच्या पायाखालची जमीनसुद्धा शाबूत आहे.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना हा गठ्ठा आठवत असेल. चिपळूणच्या मित्राचा खोका, 22 जुलै 2021 च्या वाशिष्ठीच्या पुरातून वाचलेला. खोका माळ्यावर होता म्हणून बुडाला नाही, पण भिंत वरपर्यंत ओली होती आणि खोका भिंतीला टेकलेला. अंक उभे ठेवलेले, त्यामुळे ओल खालच्या कडेने वर चढली. घर आवरून होईपर्यंत खोक्याकडे कुणाचं लक्ष जाणं शक्यच नव्हतं. सगळं तसंच वाळलं, आणि खालचा तिसरा भाग विटेसारखा घट्ट झाला.

आता मुख्य दुखणं. याच खोक्यात मार्व्हलच्या जुन्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालिकेचा तिसरा अंक आहे, जानेवारी 1985 चा, काळ्या पोशाखातला स्पायडर-मॅन गिअर्स नावाच्या ऑटोबॉटच्या, म्हणजे चांगल्या बाजूच्या यंत्रमानवाच्या, सोबतीला येतो तो. मित्राने तो मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर उचलला होता. तो भिजला, पिवळा पडला, पानांना लाटा आल्या, पण एकही पान चिकटलं नाही. त्याच ओलीत 2007 चा अंक मात्र वीट झाला. कारण कागद. जुना अंक साध्या न्यूजप्रिंटवर आहे, त्यावर कसलाच थर नाही. 2007 चा कागद गुळगुळीत, त्यावर चिकणमातीचा थर आणि तो धरून ठेवणारा बांधक. ओल लागली की बांधक मऊ होतो, आणि दाबाखाली वाळला की समोरासमोरची दोन पानं एकमेकांत रुजतात. ‘नवा कागद चांगला, तो टिकेल’ असं आपण सगळेच धरून चालतो. उजेड आणि आम्ल यांच्यापुरतं ते खरंही आहे. पण कोकणातल्या ओलीपुढे माझा कौल न्यूजप्रिंटलाच. नव्या अंकांचे खोके आधी भिंतीपासून हलवा, जुने नंतर.

कोरडं सोडवायचा विचार मी पहिल्यापासूनच बाद केला होता. कोरड्यात पान सुटत नाही, त्याची साल निघते आणि समोरच्या चौकटीवर जाऊन बसते. म्हणून दमट डबा. झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, तळाला ओला टीपकागद, त्यावर जाळी, जाळीवर पॉलिएस्टरच्या न विणलेल्या कापडात गुंडाळलेला अंक. पाण्याचा थेंब कागदाला लागता कामा नये, फक्त वाफ. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर फार काळ राहिली की बुरशी धरते, आणि पानं मऊ व्हायला तर त्याहून जास्त आर्द्रता लागते. म्हणजे सगळा खेळ वेळेचा. संध्याकाळी आत ठेवायचं, दर थोड्या वेळाने कडेला स्पॅच्युला लावून बघायचं, आणि काही होवो न होवो, झोपण्याआधी बाहेर काढून टीपकागदात दाबायचं.

आर्द्रतामापक घेताना एक करा. झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला, आणि ते मापकासोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आत 75 टक्के दाखवायला हवं. माझा स्वस्तातला मापक बराच खाली दाखवत होता. तो फरक कागदावर लिहून मापकावरच चिकटवला आहे आणि आता तो बिनतक्रार चालतो. महागाचा घ्यायची गरज नाही, मिठाची चाचणी मात्र हवीच.

तरीही खालचा भाग हटत नव्हता. वरचा दोन तृतीयांश भाग मऊ झाला, खालचा कोपरा जसाच्या तसा. बाहेरच्या कडेने जोर लावला की पान चुरगळायचं. तिढा सुटला तो दोन गोष्टींनी.

पहिली, पिना काढल्या. दोन्ही गंजलेल्या होत्या. मागच्या पानाखाली पॉलिएस्टरची पातळ फिल्म सरकवली, पिनेची टोकं पॅलेट नाइफने हळूहळू उभी केली आणि बाहेरच्या बाजूने पिन ओढून घेतली. पक्कड वापरू नका. पक्कड पिनेसोबत भोकाचा कागदही आणते. गंजाची पूड कोरड्या मऊ ब्रशने झटकली, पाणी अजिबात नाही. पिना गेल्यावर ताव सुटे झाले आणि बाहेरच्या कडेऐवजी मधल्या घडीतून शिरता आलं.

दुसरी, पान उचलायचं सोडून गुंडाळायला लागलो. वरचं पान बोटभर जाडीच्या गोल दांडीवर घेतलं आणि दांडी खाली खाली फिरवली. उचलताना जोर सगळ्या पानावर पसरतो. गुंडाळताना तो फक्त एका रेषेवर येतो, जिथे दोन पानं वेगळी होत असतात तिथेच. तव्यावरचा घावन कडेने उलथताना सुटतो तसं. त्या रेषेवर पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं-निम्मं, अगदी बारीक ब्रशने. नुसतं पाणी गुळगुळीत कागदावर थेंब करून बसतं, अल्कोहोलबरोबर ते सांध्यात शिरतं. आधी जाहिरातीच्या पानावर पांढऱ्या कापसाने चाचणी घ्या. कापसाला रंग लागला तर तिथेच थांबा. माझ्याकडे काळा आणि निळा टिकले, लाल अगदी किंचित उतरला, म्हणून लालवर मिश्रण लावलंच नाही. तिथे फक्त वाफ आणि दांडी.

गडद काळ्या भागात पानं सगळ्यात घट्ट बसलेली होती. शाई जाड तिथे चिकट जास्त, हे आता माझ्या डोक्यात पक्कं झालंय. ज्या पानांवर रात्र किंवा सावल्या आहेत, त्यांना दुप्पट वेळ द्या. सुटलेल्या पानांच्या मध्ये लगेच बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद घाला, नाहीतर वाळताना पुन्हा चिकटतील. किराणा दुकानातला मेणाचा बटर पेपर नको, दाबाखाली त्याचं मेण पानावर उतरतं.

आणि पिशवीत अंकाच्या मागे आधाराला घालायच्या पुठ्ठ्याच्या बोर्डांबद्दल. ज्या विक्रेत्याकडून ‘आम्लमुक्त’ म्हणून बोर्ड मागवले होते, त्यांच्यावर पीएच पेन (कागदात आम्ल आहे का ते रंगावरून दाखवणारं पेन) फिरवल्यावर रेघ पिवळी उमटली. जांभळी यायला हवी होती. पुठ्ठ्याचा आतला गर आम्लाचा आणि वर पांढरा मुलामा. कडेवर पेन फिरवून बघितल्याशिवाय कुठलेही बोर्ड वापरू नका. पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिएस्टरच्या घ्या, पीव्हीसीच्या नकोत.

हा अंक बाजारातून दुसरा आणता आला असता, हे मलाही माहीत आहे. पण स्टुअर्ट मूर आणि टायलर कर्कहॅम यांच्या चार अंकांच्या मालिकेतला हा पहिला अंक मित्राने जपलेला, आणि मार्व्हल व आयडीडब्ल्यू हे दोन कॉमिक प्रकाशक एकत्र आले तेव्हा आम्ही दोघंही नुसते वेडे झालो होतो. कॅप्टन अमेरिका, वुल्व्हरिन, ल्यूक केज लॅटव्हेरिया या मार्व्हलच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर, आणि पलीकडे ट्रान्सफॉर्मर्सचा खलनायक मेगाट्रॉन! खलनायक डॉक्टर डूमच्या या देशात ऑटोबॉट्स, ही कल्पनाच मला आजही जबरदस्त वाटते. मला मित्राला हाच अंक परत द्यायचाय.

बेत असा होता की याच क्रमाने एकेक ताव बाहेरच्या दिशेने सोडवत जायचं आणि मुखपृष्ठ शेवटी. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की क्रम बदलावा. मुखपृष्ठाचा कागद जाड, त्याला वाफ उशिरा लागते, आणि तोपर्यंत आतले ताव गरजेपेक्षा जास्त भिजतात. त्यापेक्षा मुखपृष्ठ आधी वेगळं करून घेतलं, तर उरलेला गठ्ठा पातळ होईल आणि डब्यातला वेळही कमी लागेल. हो, हेच करतो. त्याआधी त्याच खोक्यातल्या, कसलीच किंमत नसलेल्या एका चकचकीत कॅटलॉगच्या जाड कव्हरवर रंगीत तालीम.

सगळे ताव सुटले की प्रत्येक ताव टीपकागदात, वर काच आणि काचेवर वजन, टीपकागद रोज बदलायचा. मग पुन्हा शिवण. जुन्या भोकांतूनच शिवायचं, नवी भोकं पाडायची नाहीत. गंजक्या पिना परत घालणार नाही. स्टेनलेस स्टीलच्या, कॉमिकच्या जाडीला बसतील अशा पिना कुणाला मिळाल्या असतील तर माप आणि दुकान दोन्ही कळवा.