१ मे आणि इलिनॉयचा गव्हर्नर

शिकागोतल्या पहिल्या १ मेला मी सवयीने सुट्टी धरून बसलो होतो. ऑफिस चालू! महाराष्ट्र दिन इथे नसणार हे कबूल, पण कामगार दिनसुद्धा नाही? ज्या शहरातल्या प्रकरणामुळे १ मे जगभर कामगारांचा झाला, तिथेच तो साधा कामाचा दिवस. इथला लेबर डे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी.

ते प्रकरण शिकागोतल्या हेमार्केट चौकाचं. आठ तासांच्या दिवसासाठी संप चालू होते. आदल्या दिवशी पोलिसांच्या गोळ्यांनी कामगार मेले, म्हणून ४ मे १८८६ च्या रात्री निषेधसभा भरली. ती संपत आली असताना पोलीस आले आणि कुणीतरी बॉम्ब टाकला. कुणी, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी कामगार चळवळीतले आठ अराजकवादी दोषी ठरले. चौघांना १८८७ मध्ये फाशी झाली, एकाने त्याच्या आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला, तिघे तुरुंगात राहिले.

या तिघांना सोडलं जॉन पीटर ऑल्टगेल्डने. हा मूळचा जर्मनीतला. तान्हा असताना आईबापांबरोबर ओहायोत आला, सोळाव्या वर्षी यादवी युद्धात लढला, मग मास्तरकी, वकिली, शिकागोत जमिनींचे व्यवहार, न्यायाधीशपद. १८९२ च्या निवडणुकीत इलिनॉयचा, म्हणजे शिकागो ज्यात येतं त्या राज्याचा, गव्हर्नर झाला. परदेशात जन्मलेला पहिलाच.

खरी गोष्ट इथे आहे. दया दाखवा, असे अर्ज आले होते. ‘शिक्षा पुरेशी झाली’ एवढं लिहून सही केली असती, तर चार दिवस कुरकुर होऊन लोक गप्प बसले असते. पण २६ जून १८९३ ला त्याने लिहिलं की खटलाच अन्यायाचा होता: ज्यूरी ठरवून निवडलेली, न्यायाधीश पक्षपाती, पुरावा नाही. मग काय, वर्तमानपत्रांनी त्याला अराजकवादी ठरवून सोलून काढलं. मला विचाराल तर त्या कागदातला वकील त्याच्यातल्या पुढाऱ्यावर भारी पडला.

पुढच्याच वर्षी रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीतला संप. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी गव्हर्नरला न विचारता संप मोडायला शिकागोत फौज उतरवली. पक्ष एकच, तरी ऑल्टगेल्डने तारांवर तारा धाडून निषेध नोंदवला. गंमत म्हणजे लेबर डेची राष्ट्रीय सुट्टी त्याच उन्हाळ्यात, याच क्लीव्हलँडच्या सहीने आली.

१८९६ मध्ये ऑल्टगेल्ड हरला. हौसेने बांधलेली सोळा मजली युनिटी बिल्डिंगही हातची गेली. १९०२ मध्ये इलिनॉयमधल्याच जोलिएटला, दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढणाऱ्या बोअर लोकांच्या बाजूने भाषण करताना कोसळला आणि काही तासांत गेला. वय अवघं ५४.

लिंकन पार्कात त्याचा पुतळा आहे. शिल्पकार गट्झन बोर्गलम, तोच पुढे माउंट रशमोरच्या डोंगरावर राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरणारा. पायाशी कामगार, बाई आणि मूल, आणि ऑल्टगेल्डचा हात त्यांच्यावर. आता १ मेला ऑफिस सुटलं की तिथे एक चक्कर मारतो. तेवढीच आपली सुट्टी.