सगळ्यात मोठ्या रात्रीची वारी

इंग्लंडमधल्या एव्हबरीच्या प्राचीन उभ्या दगडांबद्दल मी काही लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी बघितलेत. आम्ही निघालो तेव्हा पाऊस होता, दगडांना हात लावला आणि वाटेला लागलो. सिल्बरी हिल उजवीकडे दिसत होती, माणसांनी रचलेली साडेचार हजार वर्षांपूर्वीची टेकडी, पण वारा असा तोंडावर की कोणी मान वळवून बघितलं नाही.

तिथून चालत स्टोनहेंज, ते दुसरं प्राचीन दगडांचं वर्तुळ, आणि गाठायचा होता डिसेंबरातला सोल्स्टिस, म्हणजे सगळ्यात मोठी रात्र. स्विंडनला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई पेगन आहेत, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीची निसर्गपूजा मानणाऱ्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांचा ग्रोव्ह म्हणजे मेळा आहे, दहा-बारा जणांचा. हे लोक मुक्काम करत करत चालत जातात, सगळ्यात मोठी रात्र सरली की दगडांच्या मध्ये उभं राहून सूर्य उगवताना बघतात आणि घरी येतात. त्यांनी विचारलं येतेस का, मी हो म्हटलं. लगेच हो म्हटलं कारण चालायचं होतं, कुठे ते तेव्हा महत्त्वाचं नव्हतं.

आमचं गाव तरडगावजवळ. माउलींची पालखी लोणंदहून निघून चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण करते आणि आमच्या दारावरून जाते. अण्णांनी वारी कधी चुकवली नाही, 2020 मध्ये पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या तेव्हा सोडून. त्या दिवशी फोनवर ते एवढंच म्हणाले, रस्ता मोकळा बघवत नाही गं. त्याच जूनमध्ये इकडे स्टोनहेंजलाही लोकांना बंदी होती, समर सोल्स्टिस, म्हणजे सगळ्यात मोठा दिवस, ऑनलाइन दाखवला, शेजारच्या बाई लॅपटॉपसमोर मेणबत्ती लावून बसल्या होत्या. पुढच्या एप्रिलमध्ये अण्णा गेले. त्याच सुमारास यूकेने भारताला प्रवासबंदीच्या रेड लिस्टमध्ये टाकलं, फ्लाइट मिळेना, मी सगळं व्हिडिओ कॉलवर बघितलं, तेही अर्धं, कारण ज्याच्या हातात फोन होता तो पीपीई किटमध्ये होता आणि त्याला लांब उभं राहायला सांगितलेलं. त्यानंतर देवघरापुढे बसलं की मला काहीच वाटायचं नाही. दिवा लावायचे आणि उठायचे.

असो. चालणं.

ईस्ट केनेटच्या पुढे चढ लागतो, वर वॅन्सडाइक नावाचा जुना मातीचा बांध आहे आणि तिथून खाली पूर्ण प्यूझी व्हेल, म्हणजे प्यूझीचं खोरं, दिसतं. चढताना आमच्यातल्या एकाने सांगितलं की स्टोनहेंजचे बहुतेक मोठे सारसन दगड इथून जवळच्याच वेस्ट वुड्समधून नेलेत, 2020 साली संशोधनातून कळलं. एकेक दगड सरासरी वीसेक टनांचा आणि अंतर पंचवीसेक किलोमीटर, रस्ता नाही की चाक नाही, आणि माणसांनी ते ओढत नेले. ऐकून माझ्या अंगावर काटा आला कारण आम्हीही त्याच दिशेने निघालो होतो. पण तोच माणूस मग एनर्जी लाइन्सवर, जमिनीतल्या गूढ शक्तीच्या रेषांवर, सुरू झाला तो काही थांबेना, आणि त्याच्या पाठीला एक ढोलकं होतं ते पावलागणिक आपटत होतं, बेताल. मला इतका राग आला की मी मागे पडले. टाळाच्या ठेक्यावर पाय पडायची सवय असलेल्या माणसाला बेताल ढोल सहन होत नाही. मी आपलं तोंडातल्या तोंडात ज्ञानोबा-तुकाराम धरलं आणि त्यावर चालले.

खडूची जमीन आहे ही सगळी. चिखल पांढरा आणि बुटाला भिजवलेल्या कणकेसारखा चिकटतो. उतरताना उजव्या टाचेला काहीतरी झालं हे कळत होतं पण थांबायची सोय नव्हती, दिवस जेमतेम आठ तासांचा, चारला अंधार. हनीस्ट्रीटला कॅनॉलवर आलो तोपर्यंत पाऊल टेकवत नव्हतं. बाकीच्यांना म्हटलं तुम्ही व्हा पुढे, मी येते, आणि टोपाथवर, म्हणजे कॅनॉलकाठच्या पायवाटेवर, एका बाकावर बसले. मोजा काढायची हिंमत होत नव्हती.

समोर एक नॅरोबोट, म्हणजे राहायची लांबट अरुंद बोट, बांधलेली होती, वर सरपण रचलेलं, धुराड्यातून धूर. आतून एक बाई डोकावली, माझ्याकडे बघितलं, बुटाकडे बघितलं आणि म्हणाली आत ये. एवढंच. आत एका हाताच्या अंतरावर शेगडी, कोळशाची, आणि तिच्यावर केटल. तिने मला स्टुलावर बसवलं, स्वतः खाली बसली आणि माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. मी ओढून घ्यायला गेले, आईच्या वयाची बाई, तिच्या मांडीवर माझा चिखलाचा पाय, पण तिने घोटा घट्ट धरला होता. कोमट पाण्याने धुतला, बोटांच्या बेचक्यातून सुद्धा. फोड रुपयाएवढा होता, एका बाजूने फुटलेला.

अण्णा फोडातून सुई-दोरा ओवायचे, दोरा तसाच ठेवायचे म्हणजे पाणी निघून जातं, वर हळद-तेल. ही बाई उठली, एका डब्यातून मेंढीची लोकर काढली, कच्ची, कुंपणाच्या तारेला अडकलेली ती चालता चालता गोळा करते म्हणाली, आणि टाचेभोवती पिंजून पिंजून बसवली. लोकरीला मेंढीचा वास येत होता. आमच्याकडे पालखीमागून धनगरांची मेंढरं जातात तोच वास. हे सगळं करताना ती कोळसा किती महाग झालाय ते सांगत होती, बोटीचं लायसन्स वाढलंय ते सांगत होती. कुठे चाललीस, कशासाठी, काही विचारलं नाही. मोजा शेगडीवर वाळत होता आणि मला रडायला आलं, आवाज करून रडले. लहानपणी पालखी मुक्कामाला असली की अंगणात उतरलेल्या वारकऱ्यांचे पाय आम्ही पोरं दाबायचो, घमेल्यात गरम पाणी आणि मीठ, आणि अण्णा म्हणायचे नीट दाब, हा पाय देवाकडे चाललाय. अण्णांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या पायांना कोणी हात लावला असेल का, हे मला एप्रिलपासून कोणाला विचारता आलं नव्हतं. आणि इथे एक अनोळखी बाई माझा पाय धुऊन पुसून देत होती.

निघताना मी वाकून नमस्कार केला. तिने मला उठवून मिठी मारली आणि बिस्किटांचा पुडा हातात दिला.

पुढचं नीट आठवत नाही, कुठे कोणता मुक्काम. सॉल्सबरी प्लेनवर लष्कराची गोळीबाराच्या सरावाची रेंज आहे, लाल बावटे लागलेले होते म्हणून लांबून रस्त्याने जावं लागलं, गाड्या अंगावर पाणी उडवत होत्या. लोकर टिकली. ढोलवाला माझ्या शेजारून चालू लागला आणि एकदम म्हणाला माझी बायको कोविडमध्ये गेली, ढोल तिचा आहे. मी त्याला टाळाचा ठेका शिकवला, पावलीचा, हाताने टाळी वाजवून. दुपारभर आम्ही तेच करत चाललो, मी मुखाने ज्ञानोबा-तुकाराम आणि तो ढोलावर.

डरिंग्टन वॉल्सला, स्टोनहेंजजवळच्या प्राचीन वस्तीच्या जागी, आता गवताशिवाय काही नाही. पण इथे साडेचार हजार वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात जेवणावळी उठायच्या, डुकरांची हाडं ढिगाने सापडलीत, आणि 2019 च्या अभ्यासात दिसलं की ती जनावरं स्कॉटलंड, वेल्सपासून आणलेली होती. म्हणजे माणसं जनावरं हाकत, शेकडो किलोमीटर, वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेत इथे यायची. शेतात काही नसताना, पुढचं पीक येईल की नाही माहीत नसताना. पेरून आषाढीला निघालेल्या आमच्या लोकांचं काय वेगळं असतं, पाऊस पडेल का हे कोणाला माहीत असतं?

स्टोनहेंजला पहाटे अंधारात आत सोडलं, एरवी दोरीबाहेरून बघावं लागतं. प्रचंड गर्दी, कोणी हॉलीच्या पानांचा मुकुट घातलेला, कोणी मोबाइलवर लाइव्ह, ढकलाढकली, माझ्या दुखऱ्या टाचेवर एकाचा बूट. चिडले. दगडाला टेकून उभी राहिले, दगड ओला आणि बर्फासारखा गार. खरं तर या दगडांची मांडणी या दिवसांतल्या मावळतीशी जुळवलेली आहे, पण लोक येतात ते उगवतीला. आठ वाजून गेले तरी ढगच. मग ढगाच्या कडेला नारिंगी रेघ आली आणि सगळे ओरडले, ढोल सुरू झाले, आमचा ढोलवाला पावलीचा ठेका वाजवत होता, बरोब्बर, आणि शेजारच्या बाईंनी माझा हात धरून सांगितलं, आता आजपासून दिवस वाढणार. मी मोठ्याने गजर केला. विठ्ठल विठ्ठल. कोणाला त्याचं काही वाटलं नाही, दोघा-तिघांनी मागून म्हटलं सुद्धा. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा नाव घेताना आत काहीतरी हललं, आणि मला जगायचंय, पुढचा आषाढ बघायचाय असं स्वच्छ वाटलं.

परतीच्या बसमधून आईला फोन लावला. म्हटलं येत्या वारीला मी येते, अण्णांच्या दिंडीत चालते, आळंदीपासून. आई जरा वेळ बोलली नाही, मग म्हणाली सुट्टी मिळंल का एवढी, आणि तुला नऊवारी नेसता येती का अजून. मग म्हणाली दिंडीवाल्यांना आजच सांगते नाव लिहून घ्यायला, भिशीची वर्गणी किती बसती ते संध्याकाळी कळवते, पैसे आधी पाठव.